वायलरचं महायुद्ध

‘रोमन हॉलिडे’तली अवखळ राजकन्या आणि ‘बेन-हर’मधली रथांची शर्यत अनेकांना आठवते. दिग्दर्शकाचं नाव मात्र चटकन ओठावर येत नाही. विल्यम वायलर. हे दोन्ही चित्रपट काढले तेव्हा या गृहस्थाचा एक कान पार निकामी झालेला होता.

वायलरचा जन्म १९०२ सालचा, अल्सासमधल्या म्युलूज गावी, एका ज्यू घरात. गाव तेव्हा जर्मनीत होतं. पहिल्या महायुद्धात कधी फ्रेंचांच्या ताब्यात, कधी जर्मनांच्या. आईच्या नात्यातले कार्ल लेमली हे हॉलिवुडच्या युनिव्हर्सल कंपनीचे मालक. त्यांच्या आधारानं पोरगा १९२० साली अमेरिकेत पोचला.

१९४१ च्या नोव्हेंबरात त्याने ‘मिसेस मिनिव्हर’ सुरू केला. बाँबच्या वर्षावाखाली तग धरणाऱ्या इंग्रज कुटुंबाची ही गोष्ट. त्यात एक जखमी नाझी वैमानिक बाईंच्या स्वयंपाकघरात शिरतो. अमेरिका अजून युद्धाबाहेर, म्हणून कंपनीचे प्रमुख लुई मेयर यांना हा वैमानिक जरा सौम्य हवा होता. वायलर हटून बसला. डिसेंबरात पर्ल हार्बर झालं आणि मेयरांचा विरोध आपोआप मावळला. (साहेबांची मतं अशीच बदलतात!) चित्रपटाला सहा ऑस्कर मिळाली. वायलरचं ऑस्कर १९४३ मध्ये पत्नीने स्वीकारलं, कारण तो हवाई दलात दाखल झाला होता.

इंग्लंडमधून उडणाऱ्या बाँबफेकी विमानांत बसून तो स्वतः चित्रण करू लागला. विमान पडलं असतं तर नाझींच्या हाती लागलेल्या ज्यू माणसाचं काय झालं असतं, हे सांगायला नको. त्याचा ध्वनिमुद्रक हॅरॉल्ड टॅनेनबॉम अशाच एका मोहिमेवरून परतला नाही. त्यातून ‘मेम्फिस बेल’ हा माहितीपट १९४४ साली पडद्यावर आला. मिनिव्हरबाईंच्या घरातलं युद्ध आपण फारच गोंडस दाखवलं, असं वायलरला पुढे वाटू लागलं. १९४५ मध्ये इटलीवर चित्रण करताना विमानाच्या घरघरीने त्याचे कान गेले. एक कायमचा, दुसरा बराचसा.

आता काम कसं करायचं? कॅमेऱ्याजवळ बसून, कानाला हेडफोन लावून तो नटांचे संवाद ऐकू लागला. असा त्याने १९४६ साली ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ काढला. युद्धावरून घरी परतलेल्या तिघांची ही कथा. त्यातला एक बँकेतला अधिकारी. तारण काहीच नसलेल्या माजी सैनिकाला तो कर्ज मंजूर करतो आणि वरिष्ठांपुढे उभं राहायची पाळी येते. उभा जन्म बँकेत काढल्यामुळे असेल, पण त्या प्रसंगाला मी आजही खुर्चीत सावरून बसतो.

दोन्ही हात गमावलेल्या खलाशाचं काम मात्र वायलरने नटाला दिलं नाही. हॅरॉल्ड रसेल हा खराखुरा सैनिक. १९४४ मध्ये प्रशिक्षण देताना स्फोटात त्याचे हात गेले होते. रात्री हातांचे आकडे काढून ठेवल्यावर आपल्याला खोलीचं दारसुद्धा उघडता येत नाही, हे तो आपल्या वाग्दत्त वधूला दाखवतो. ती न बोलता त्याच्या सदऱ्याची बटणं लावते. या एकाच भूमिकेसाठी रसेलला दोन ऑस्कर मिळाली.