बुटाला यंत्र देणारा काळा कारागीर

चामड्याच्या कामात हात चालतात, डोके लागत नाही, असा समज फक्त आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेतही तो होता. तो खोटा ठरविणारा माणूस काळा होता, परदेशी होता आणि त्याला सुरुवातीला धड इंग्रजीही येत नव्हते. यान अर्न्स्ट मात्झेलिगर हे त्यांचे नाव.

१५ सप्टेंबर १८५२ रोजी दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत, पारामारिबो शहरात त्यांचा जन्म झाला. वडील डच अभियंता, आई आफ्रिकी वंशाची. तेथे गुलामगिरी १८६३ पर्यंत कायद्याने चालू होती. दहाव्या वर्षी हा मुलगा यंत्रांच्या कारखान्यात कामाला लागला. एकोणिसाव्या वर्षी जहाजावर नोकरी धरली, पुढे फिलाडेल्फियात उतरून बूट बनविण्याचे काम शिकला आणि १८७७ मध्ये मॅसेच्युसेट्समधील लिन या गावी आला. लिन म्हणजे अमेरिकेच्या बूटधंद्याची राजधानी.

तेथे त्यांच्या हाती तळ शिवण्याचे मॅके मशीन आले. बुटाचा तळ कापडाच्या सपाट मशीनवर शिवता येत नाही, कारण दोरा बुटाच्या आत पोहोचावा लागतो. लायमन ब्लेक यांनी १८५८ मध्ये पेटंट घेतलेल्या या मशीनला शिंगासारखा हात होता. बूट त्यावर चढवायचा, दोरा शिंगातून आतून यायचा आणि सुई बाहेरून तळ भेदायची. आजही चामड्यासाठी मशीन घेणारा जाणता कारागीर किंमत विचारण्याआधी हेच पाहतो : बेड सपाट आहे, नळीसारखा आहे की उभ्या खांबाचा? सपाट बेडवर कमरपट्टा चालेल, बुटाचा शिवलेला गोल भाग किंवा पिशवीचा कोपरा चालणार नाही. जाड चामडे नुसत्या खालच्या दात्यांनी सरकत नाही. सुई आणि वरचा पाय यांनीही ते ओढावे लागते. आता हे सारे पारखून घेता येते. मॅके मशीन मात्र कारखानदाराला भाड्यानेच मिळे, दर जोडामागे पैसे मोजून.

चामडे कापायला यंत्र होते, शिवायला होते. मधला टप्पा मात्र हातानेच होई. शिवलेले अप्पर लाकडी फर्म्यावर ताणायचे, टाचेला आणि बोटांपाशी नेमक्या चुण्या पाडायच्या आणि खाली खिळे ठोकायचे. कुशल कारागीर दिवसाला पन्नासेक जोड काढी. हे काम यंत्राला कधीच जमणार नाही, अशी त्या कारागिरांची खात्री होती. त्यांची संघटना बळकट होती, मजुरीही चांगली होती.

मात्झेलिगर दिवसा कारखान्यात राबत आणि रात्री इंग्रजी व यंत्रशास्त्र शिकत. सिगारच्या पेट्यांचे लाकूड, तारा आणि खिळे यांतून त्यांनी पहिला नमुना उभा केला. त्याला ५० डॉलर देऊ करणारा भेटला. त्यांनी नकार दिला. दुसरा नमुना भंगार लोखंडाचा होता. त्यातील चुण्या पाडणाऱ्या भागासाठी १५०० डॉलर पुढे आले, तेही त्यांनी नाकारले. अर्धपोटी राहणाऱ्या माणसाने हे नाकारावे, ही साधी गोष्ट नाही! पुढे भांडवलासाठी दोन तृतीयांश हिस्सा मात्र सोडावा लागला. आराखडे इतके किचकट होते की पेटंट कार्यालयाने यंत्र पाहण्यासाठी आपला माणूस लिनला पाठविला. २० मार्च १८८३ रोजी पेटंट मिळाले, क्रमांक २७४२०७. १८८५ च्या चाचणीत यंत्राने ७५ जोड बिनचूक ताणून दाखविले. पुढे दिवसाला १५० ते ७०० जोड निघू लागले. बूट स्वस्त झाले. हाताने ताणणाऱ्यांचा रोजगार गेला, हेही खरे आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही.

आणि या माणसाला समाजाने काय दिले? लिनमधील अनेक चर्चनी रंगामुळे त्यांना आत घेतले नाही. अखेर नॉर्थ काँग्रेगेशनल चर्चने जवळ केले. त्यांच्या यंत्राला धंद्यात काळ्यांसाठीच्या शिवीचे नाव पडले. मुंबईच्या गिरण्यांत तुटलेला धागा तोंडाने लावावा लागतो म्हणून अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत आणि बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. यंत्राला जात नसते, त्याच्यापाशी कोणाला उभे करायचे हे ठरविणाऱ्याला असते.

२४ ऑगस्ट १८८९ रोजी क्षयाने मात्झेलिगर गेले. सदतिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ज्या चर्चने आपले मानले, त्याला त्यांनी कंपनीचे शेअर ठेवले. त्यांचे पेटंट ज्या कंपनीकडे होते ती १८९९ मध्ये युनायटेड शू मशिनरी या मक्तेदार कंपनीत विलीन झाली. तीही आपली मुख्य यंत्रे विकत नसे, भाड्याने देई. जी यंत्रे भाड्याने देता ती विकायलाही ठेवा, असे अमेरिकन न्यायालयाने तिला बजावले ते १९५३ मध्ये. मात्झेलिगर यांना जाऊन तेव्हा ६४ वर्षे झाली होती.