समाधानाचे धनी : हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.)

ज्याच्याजवळ काही नाही त्याने थोडक्यात भागवले, तर त्याला आपण समाधानी म्हणतो. परंतु ते समाधान पुष्कळदा नाइलाजाचे असते. ज्याच्या हाती सर्व काही आहे, जो मागेल ते समोर येते आणि ज्याला जाब विचारणारा कोणी नाही, अशा माणसाने आपला हात आवरला तर ती खरी कनाअत होय. इस्लामच्या इतिहासात अशा कनाअतचा शोध घेताना हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांचे चरित्र डोळ्यांसमोर आल्यावाचून राहत नाही.

त्यांचा जन्म इ. स. 680 च्या सुमारास बनी उमय्या या राजघराण्यात झाला. वडील अब्दुल अजीज बिन मरवान हे सुमारे वीस वर्षे मिसरचे सुभेदार होते. आई उम्मे आसिम या दुसरे खलिफा हजरत उमर फारूक (रजि.) यांच्या नात. म्हणजे पित्याकडून राजवैभव आणि मातेकडून साधेपणाचा वारसा, असे दोन प्रवाह या मुलाच्या रक्तात एकत्र आले होते. पहिली पस्तीस वर्षे त्यातील पहिलाच प्रवाह वर होता, असे म्हणावे लागेल.

पित्याने त्यांना शिक्षणासाठी मदीनेस ठेवले आणि सालेह बिन कैसान या विद्वानांच्या हाती सोपविले. एकदा बाल उमर नमाजच्या जमातीत उशिरा पोहोचले. गुरूंनी कारण विचारले, तेव्हा केस विंचरण्यात वेळ गेल्याचे त्यांनी सांगितले. गुरूंनी ही गोष्ट मिसरला कळविली. पित्याने खास माणूस पाठवून मुलाचे केस उतरवून टाकले, अशी रिवायत आहे. सुभेदाराच्या मुलाची तक्रार करण्याचे धैर्य गुरूंना होते, आणि पित्याने मुलाची नव्हे तर गुरूंची बाजू घेतली, हे आपण पालकांनी विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

तरीही तरुणपणी उमर शौकीन होते. उंची वस्त्रे, भारी अत्तर, ऐटदार चाल! त्यांच्या चालण्याची नक्कल मदीनेतील तरुण करीत असत. खलिफा अब्दुल मलिक यांची कन्या फातिमा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. इ. स. 706 मध्ये ते मदीनेचे सुभेदार झाले, तेव्हा त्यांचे सामान अनेक उंटांवर लादून आले होते. परंतु याच तरुणाने शहरातील दहा विद्वानांना बोलावून त्यांच्या सल्ल्याने कारभार करण्याचे ठरविले. मस्जिदे नबवीचा मोठा विस्तारही त्यांच्याच देखरेखीखाली झाला. शौक होता, पण अन्याय नव्हता.

इ. स. 717 मध्ये, हिजरी 99 साली, खलिफा सुलेमान यांचे दाबिक येथे निधन झाले. त्यांनी मोहरबंद पत्रात वारस म्हणून आपल्या मुलांऐवजी या चुलतभावाचे नाव लिहून ठेवले होते. नाव वाचले गेले तेव्हा उमर यांना आनंदाऐवजी धास्ती वाटली. शाही घोडे समोर आणले गेले. ते नाकारून त्यांनी आपले नेहमीचे खेचर मागविले. घोडे विकून ती रक्कम बैतुलमाल म्हणजे सार्वजनिक खजिन्यात जमा करविली. त्या दिवसापासून त्यांचे जीवन पालटले.

त्यांनी प्रथम स्वतःच्या घरापासून सुरुवात केली. आपल्या वाट्यास आलेल्या जमिनींची कागदपत्रे त्यांनी तपासली. ज्या जमिनी पूर्वीच्या राजांनी जनतेच्या मालमत्तेतून दिल्या होत्या, त्या त्यांनी परत केल्या. बेगम फातिमा यांच्याजवळ पित्याने दिलेली मौल्यवान रत्ने होती. ती बैतुलमालमध्ये द्यावीत, अथवा आपल्यापासून वेगळे व्हावे, असे दोन पर्याय उमर यांनी त्यांच्यापुढे ठेवले. राजकन्या, राजभगिनी आणि राजपत्नी असलेल्या त्या स्त्रीने रत्ने दिली. उमर यांच्यानंतर त्यांचे बंधू यजीद गादीवर आले व त्यांनी ती रत्ने परत देऊ केली. पतीच्या हयातीत जे सोडले ते त्यांच्या पश्चात घेणे त्यांना रुचले नाही. या घरातील कनाअत एकट्या पुरुषाची नव्हती, हे यावरून दिसते.

नंतर नातेवाइकांची पाळी आली. जबरदस्तीने बळकावलेली मालमत्ता मूळ मालकांना परत मिळू लागली, तशी बनी उमय्यामध्ये नाराजी पसरली. त्यांनी उमर यांच्या आत्याला मध्यस्थीसाठी पाठविले. उमर यांनी आत्याचा पूर्ण मान राखला, पण निर्णय बदलला नाही. त्या वेळी त्यांनी एक नाणे विस्तवावर तापवून मांसाच्या तुकड्यावर ठेवले. मांस करपू लागले, तेव्हा आपल्या भाच्याला अशा आगीपासून वाचवावेसे तुम्हाला वाटत नाही का, असे त्यांनी नम्रपणे विचारले. आत्या निरुत्तर होऊन परतल्या, असे इतिहासकार सांगतात.

हा त्याग सोपा नव्हता. एकदा बैतुलमालची सफरचंदे वाटण्यासाठी आली असता त्यांच्या लहान मुलाने एक उचलून तोंडात घातले. पित्याने ते काढून घेतले. मूल रडत आईकडे गेले. आईने बाजारातून सफरचंदे विकत आणून त्याची समजूत घातली. आपल्या मुलाच्या तोंडचा घास काढताना जणू स्वतःच्या काळजाचाच लचका तोडला, अशी वेदना आपल्याला झाली, हे उमर यांनी नंतर पत्नीपाशी कबूल केले. समाधानी माणसाला दुःख होत नाही असे नाही. दुःख होऊनही तो आपल्या हक्काची सीमा ओलांडत नाही, एवढेच.

ही वृत्ती त्यांनी कारभारातही आणली. इस्लाम स्वीकारलेल्या लोकांकडूनही जिझिया घेण्याची प्रथा काही प्रांतांत पडली होती. ती त्यांनी बंद केली. खजिन्याचे उत्पन्न घटेल, ही अधिकाऱ्यांची तक्रार त्यांनी मानली नाही. प्रेषित हजरत मुहंमद (स.) यांना मार्ग दाखविण्यासाठी पाठविण्यात आले होते, करवसुलीसाठी नव्हे, हे त्यांनी बजावले. मात्र लोकांनी दरिद्री राहावे, असे त्यांना कधीच वाटले नाही. त्यांच्या काळात आफ्रिकेत जकात घेण्यास गरजू मिळेना, म्हणून त्या रकमेतून गुलाम विकत घेऊन मुक्त केले गेले, अशी रिवायत आहे. स्वतःसाठी कमी आणि जनतेसाठी अधिक, हाच त्यांच्या जुहदचा अर्थ होता.

ही खिलाफत अडीच वर्षेही टिकली नाही. इ. स. 720 मध्ये, हिजरी 101 साली, शामच्या दैर सिमआन येथे वयाच्या चाळिशीच्या आसपास ते अल्लाहला प्यारे झाले. आजारपणात मेहुणे मस्लमा भेटीस आले असता खलिफांच्या अंगावर मळका सदरा दिसला. त्यांनी बहिणीला तो धुण्यास सांगितले. बहिणीने उत्तर दिले की, यांच्याजवळ दुसरा सदराच नाही.

मुलांसाठी काही ठेवले नाही, याची आठवणही त्यांना शेवटच्या क्षणी करून देण्यात आली. त्यांचे म्हणणे असे होते की, मुले सदाचारी निघाली तर अल्लाह त्यांचा वाली आहे. ती तशी न निघाली, तर त्यांच्या गैरवर्तनाला आपण पैसा पुरवू इच्छित नाही.

पालक बंधू-भगिनींनो, मुलांच्या नावावर घर, जमीन, दागिना ठेवण्यासाठी आपण आयुष्यभर झटतो. हलाल मार्गाने मिळविलेले ठेवण्यास इस्लामची मनाई नाही. परंतु ते मिळविताना दुसऱ्याचा हक्क आपल्या घरात आला आहे काय, हा प्रश्न उमर यांनी स्वतःस विचारला, तसा आपणही विचारला पाहिजे. आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी अधिकारी होईल, कोणी व्यापारी, कोणी एखाद्या संस्थेचा विश्वस्त. तेव्हा लोकांची अमानत तुमच्या हाती येईल. त्या दिवशी आपले काय आणि लोकांचे काय, हे ज्याला स्पष्ट दिसेल, त्याने उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्या चरित्रातून खरा धडा घेतला असे समजावे.