ना. जगन्नाथ शंकरशेट यांची पत आणि त्यांचा स्नेहसंग्रह

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत कै. ना. जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आले नाही असे सहसा घडत नाही. त्यांची पगडी घातलेली छबी आरंभी छापावयाची आणि खाली त्यांनी स्थापिलेल्या संस्थांची नामावळी द्यावयाची, अशी रीतच पडून गेली आहे. त्या नामावळीस आमची हरकत नाही. तथापि तिच्यावरून एक गोष्ट उमगत नाही. धनिकाने देणगी द्यावी यात नवल ते काय? परंतु पारशी, मुसलमान, गुजराती आणि इंग्रज अशा परस्परांपासून दूर राहणाऱ्या मंडळींना एका मेजाभोवती चार दशके एकत्र ठेवणे हे केवळ द्रव्यबळाने साधत नाही. नानांना ते कसे साधले, याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

नानांचे घराणे मुरकुटे यांचे. पूर्वज घोडबंदराहून अठराव्या शतकात मुंबईस आले व सराफीत आणि व्यापारात स्थिरावले. नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे झाला. मातोश्री भवानीबाई त्यांच्या बालपणीच निवर्तल्या. वडील शंकरशेट यांनी व्यापारात अमाप संपत्ती मिळविली होती. परंतु मुलास नुसते चोपड्या लिहावयास न बसविता त्यांनी घरी शिक्षक ठेवून इंग्रजीही शिकविले. १८२२ साली वडील वारले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या वयात एवढी पेढी हाती आली म्हणजे काय होते, याची उदाहरणे आपणा सर्वांच्या पाहण्यात आहेत. येथे तसे झाले नाही.

त्या काळची मुंबई आज डोळ्यांपुढे आणणे कठीण आहे. बँक ऑफ बॉम्बे निघाली ती १८४० साली. तत्पूर्वी व्यापाऱ्याने आपला पैसा ठेवावा कोठे, तर एखाद्या शेटच्या पेढीवर. अरबस्तानातून गलबत घेऊन आलेला व्यापारी वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून असे. माल विकून तो परतला की पुढील मोसमापर्यंत त्याचे दर्शन नाही. मधल्या महिन्यांत वादळ, रोगराई, लढाई, काय होईल ते सांगता येत नसे. अशा वेळी तो आपली ठेव ज्याच्या हाती देई, त्याची जात तो पाहत नसे आणि त्याचा धर्मही पाहत नसे. परत आल्यावर ती मोजून मिळेल की नाही, एवढेच पाही. अरब, अफगाण आदी परदेशी व्यापारी आपले द्रव्य बँकेपेक्षा नानांच्या हवाली करणे पसंत करीत, अशी त्यांची कीर्ती होती. आमच्या मते नानांच्या पुढील सर्व सार्वजनिक कार्याचे मूळ येथे आहे. ठेव सांभाळण्यात ज्याची परीक्षा झाली, त्याचा शब्द सभेतही चालला.

आता या पतीचा त्यांनी काय उपयोग केला ते पाहू. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकीर्दीत शिक्षणप्रसारासाठी जी मंडळी पुढे आली, तींत तरुण नाना होते. एल्फिन्स्टन साहेब विलायतेस निघाले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ दोन लक्षांहून अधिक रुपयांचा निधी लोकांनी उभा केला, आणि त्यातूनच पुढे एल्फिन्स्टनच्या नावाची शिक्षणसंस्था उदयास आली. अशा निधीसाठी एकेका पेढीची पायरी चढावी लागते. नानांना ती चढण्यात कमीपणा वाटला नाही.

सर जमशेटजी जीजीभाई हे नानांहून वीस वर्षांनी वडील. एक पारशी, एक दैवज्ञ; व्यापार दोघांचाही मोठा. अशा दोघांत चुरस लागावयाची. पण झाले उलटेच. १८३४ साली प्रथमच हिंदी गृहस्थांस जस्टिस ऑफ दि पीस नेमण्यात आले, तेव्हा त्या यादीत दोघेही होते. १८४५ साली मुंबईत आगगाडी आणावी म्हणून जी खटपट सुरू झाली, तीत हे दोघे बरोबरीने पडले. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनी स्थापन झाल्यावर तिच्या दहा संचालकांत हिंदी असे हे दोघेच होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, आणि अंतर एकवीस मैल. त्या दिवसाचे वर्णन शाळेच्या पुस्तकांतून सर्वांनी वाचले आहे, म्हणून त्यात आम्ही शिरत नाही. त्यामागील आठ वर्षांच्या बैठका मात्र पुस्तकांत येत नाहीत.

१८५२ च्या ऑगस्टात स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनमध्येही हेच दोघे अग्रभागी दिसतात. जमशेटजी सन्माननीय अध्यक्ष, नाना अध्यक्ष आणि डॉ. भाऊ दाजी चिटणीस. भाऊ दाजी नानांहून पुष्कळच लहान, आणि घरची श्रीमंती अशी काही नाही. विद्येच्या जोरावर वर आलेले. अशा तरुणास हाताशी घेणे आणि त्याचे म्हणणे आपल्या बरोबरीने ऐकणे, हा गुण आमच्या वडीलधाऱ्या मंडळींत आज किती आहे, याची चौकशी आम्ही येथे करीत नाही.

परंतु स्नेहाची खरी कसोटी मतभेदात लागते. १८४० साली बोर्ड ऑफ एज्युकेशन निघाले व त्यात तीन हिंदी सभासद आले: नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मुकबा. १८४३ पासून अध्यक्षस्थानी सर अर्स्किन पेरी हे न्यायमूर्ती होते. सरकारने आपला पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळवावा, असे पेरी यांचे मत. सामान्य रयतेस ज्ञान द्यावयाचे तर ते मराठी, गुजराती अशा तिच्या भाषांतूनच दिले पाहिजे, हे नानांचे मत. त्यांना इंग्रजीचा द्वेष नव्हता. ते स्वतः उत्तम इंग्रजी जाणत. १८४७ च्या सुमारास हा वाद इतका वाढला की तो सरकारपर्यंत गेला. तेव्हा मंडळात उभी फूट पडली होती. परंतु ती गोरे विरुद्ध काळे अशी पडली नाही. कर्नल जर्व्हिस हा इंग्रज नानांच्या बाजूस उभा राहिला, आणि फ्रामजी व मुकबा यांनीही नानांची साथ सोडली नाही. वरिष्ठ न्यायाधीशाविरुद्ध मत नोंदविणे ही त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हे. आम्ही आयुष्यभर मराठी शाळेत शिकविले, म्हणून या प्रसंगाविषयी आम्हांस विशेष जिव्हाळा आहे हे लपवीत नाही.

याहून अवघड प्रसंग १८५७ सालचा. उठावाच्या त्या धामधुमीत नानांवरही संशय घेतला गेला. ज्या इंग्रजांच्या शेजारी तीस वर्षे बसावे, त्यांनीच पाळत ठेवावी, हे दुःख सामान्य नव्हे. चौकशीत काही निष्पन्न झाले नाही व संशय दूर झाला. पाचच वर्षांनी, १८६२ साली, मुंबईच्या कायदे कौन्सिलात नानांची नेमणूक झाली. सरकारचा विश्वास परत आला खरा; पण आमच्या समजुतीने त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, संशयाच्या त्या दिवसांनंतरही शहरातील लोकांची नानांवरील भिस्त कमी झाली नाही. सोनापूरची स्मशानभूमी हलविण्याचा सरकारी विचार निघाला तेव्हा हिंदू प्रजेची बाजू मांडण्यास नानाच पुढे झाले होते, हे लोक विसरले नव्हते.

ज्ञातिबांधवांस येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे अवश्य वाटते. नाना आपल्या ज्ञातीचे, ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु त्यांच्या कार्याची यादी पाहता त्यांतील फारच थोडे केवळ ज्ञातीपुरते आहे. मुलींची शाळा असो, ग्रँट रोडच्या नाटकगृहाची जागा असो, राणीच्या बागेतील संग्रहालय असो, त्यांचा हात सर्वत्र होता आणि त्यांच्या शेजारी दुसऱ्या कोणत्या तरी ज्ञातीचा हात होता. आमच्या मंडळाकडे मुलाच्या नोकरीसाठी ओळखीची चिठ्ठी मागावयास येणारे पालक हे नाव मोठ्या आदराने घेतात, म्हणून हे लिहिले.

१८६५ च्या जुलैत मुंबईत कागदी सट्ट्याचा डोलारा कोसळला. कापसाच्या तेजीत रातोरात उभ्या राहिलेल्या कित्येक पेढ्या बुडाल्या, काल ज्याची सही हजारोंनी चाले त्याला आज कोणी दारात उभे करीना. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस नाना निवर्तले. त्यांचा संगमरवरी पुतळा टाउन हॉलमध्ये बसविण्यात आला. एशियाटिक सोसायटीच्या त्या इमारतीत तो आजही आहे. त्यांच्या नावाने मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिला येणाऱ्यास शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. १९१२ साली ती मिळविणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. हेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले.