युद्ध संपल्याच्या दिवशी आईला मिळाली मृत्यूची तार. कोण होते कवी विल्फ्रेड ओवेन?

११ नोव्हेंबर १९१८. पहिले महायुद्ध थांबले म्हणून इंग्लंडच्या श्रूजबरीत चर्चच्या घंटा वाजत होत्या. त्याच सुमारास सुसान ओवेन यांच्या घरी तार आली. मुलगा विल्फ्रेड ४ नोव्हेंबरलाच फ्रान्समध्ये कालवा ओलांडण्याच्या लढाईत मारला गेला होता. वय अवघे २५.

१९१५ मध्ये सैन्यात गेलेले ओवेन खंदकांतल्या तोफमाऱ्याने मनाने कोलमडले. एडिनबर्गच्या रुग्णालयात कवी सिगफ्रिड ससून भेटले. मग ओवेन यांच्या कवितेत शौर्याचे गोडवे नव्हे, विषारी वायूने गुदमरणारा जवान आला. बरे होऊन १९१८ मध्ये ते पुन्हा आघाडीवर गेले.

निघताना त्यांनी आईचा निरोप घेतला, तो रवींद्रनाथ टागोरांच्या ओळींनी. परत आलेल्या खिशातल्या वहीतही त्याच ओळी होत्या. १९२० मध्ये सुसान यांनी टागोरांना पत्र लिहिले. ही कविता कोणत्या पुस्तकात मिळेल, हे त्यांना विचारायचे होते.