सर आयझॅक न्यूटन : सफरचंदाची कथा व खरे चरित्र

आपल्या क्रमिक पुस्तकांतून ज्या शास्त्रज्ञांची नावे वारंवार येतात, त्यांत सर आयझॅक न्यूटन याचे नाव अग्रभागी आहे. हे नाव कानी पडताच एक चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. एक तरुण बागेत झाडाखाली बसला आहे, त्याच्या डोक्यावर सफरचंद आदळते आणि तत्क्षणी त्यास गुरुत्वाकर्षणाचा शोध लागतो. कथा गोड आहे व लक्षात ठेवण्यास सोपी आहे. परंतु ती जशी सांगितली जाते, तशी घडलेली नाही. शिवाय तिच्यामुळे दोन मोठ्या गोष्टी झाकल्या जातात. पहिली, त्या शोधापाठीमागचे वीस वर्षांचे परिश्रम. आणि दुसरी, त्या शोधास ज्यांचा हातभार लागला ती इतर माणसे. यास्तव या थोर पुरुषाचे चरित्र, त्याच्या गुणांसह व दोषांसह, येथे थोडक्यात देण्याचे योजिले आहे.

न्यूटनचा जन्म इंग्लंडातील लिंकनशायर परगण्यात वुल्सथॉर्प या खेड्यात झाला. त्या काळी इंग्लंडात चालू असलेल्या जुन्या पंचांगाप्रमाणे तो दिवस १६४२ सालच्या नाताळाचा होता. हल्लीच्या पंचांगाप्रमाणे ती तारीख ४ जानेवारी १६४३ अशी येते. त्याच्या जन्मापूर्वी सुमारे तीन महिने त्याचा पिता मरण पावला होता. मूल अपुऱ्या दिवसांचे व इतके अशक्त होते की, ते जगेल अशी कोणासही आशा नव्हती. तो तीन वर्षांचा असता त्याच्या आईने बार्नबस स्मिथ नामक धर्मोपदेशकाशी पुनर्विवाह केला आणि लहानग्या आयझॅकला आजीपाशी ठेवून ती दुसऱ्या गावी नांदावयास गेली. हे दुःख त्या बालकाच्या मनात खोल रुतून बसले. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याने आपल्या पापांची जी यादी लिहून ठेविली, तीत आई व सावत्र बाप यांना घरासह जाळून टाकण्याची धमकी आपण दिली होती, असे त्याने नमूद केले आहे. पुढील आयुष्यात त्याच्या ठायी जो संशयी व एकलकोंडा स्वभाव दिसून येतो, त्याची मुळे या बालपणात असावीत, असे अनेक चरित्रकारांना वाटते.

ग्रँथम येथील शाळेत त्याचे शिक्षण झाले. मध्यंतरी आईने त्यास शाळेतून काढून शेतीच्या कामास लाविले; परंतु मुलाचे चित्त गुरांकडे नसून पुस्तकांकडे आहे, हे जाणत्या माणसांच्या लक्षात आले व त्यास पुनः शाळेत धाडण्यात आले. १६६१ साली तो केंब्रिज येथील ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. तेथे प्रारंभी त्यास वरिष्ठांची किरकोळ कामे करून आपला खर्च भागवावा लागे.

१६६५ साली इंग्लंडात प्लेगची मोठी साथ आली. विद्यापीठ बंद झाले व न्यूटन वुल्सथॉर्पला परत आला. त्यानंतरच्या दोन वर्षांतील बराच काळ त्याने घरीच काढिला. याच काळात त्याने, ज्यास आज आपण कलन म्हणतो त्या गणिताचा पाया घातला, लोलकातून जाणाऱ्या प्रकाशाचा विचार आरंभिला, आणि वस्तूस खाली ओढणारे पृथ्वीचे आकर्षण चंद्रापर्यंत पोहोचत असेल काय, हा प्रश्न त्याच्या मनात आला.

सफरचंदाची कथा याच काळातील आहे. तिला मुळीच आधार नाही असे नव्हे. न्यूटनने आपल्या वृद्धपणी ही हकीकत काही परिचितांना सांगितली होती. १६२६ नव्हे, तर १७२६ साली, म्हणजे घटनेनंतर सुमारे साठ वर्षांनी, विल्यम स्ट्यूकली याने ती त्याच्या तोंडून ऐकिली व पुढे लिहून ठेविली. त्याच्या भाचीपासून ऐकून व्होल्तेर या फ्रेंच ग्रंथकाराने ती युरोपभर पसरविली. तीत फळ झाडावरून पडल्याचे सांगितले आहे. डोक्यावर पडल्याचे कोठेही नाही. ते मागाहून कोणी चिकटविले आहे. आणि मुख्य गोष्ट अशी की, फळ पाहून मनात उद्भवला तो प्रश्न होता. त्याचे उत्तर तेव्हा मिळाले नव्हते.

उत्तर किती कठीण होते, ते पाहा. पृथ्वीच्या मध्यापासून चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट आहे. आकर्षण जर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत असेल, तर चंद्रापाशी ते ३६०० पटींनी कमी असावयास पाहिजे. आपल्याकडे सोडलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे १६ फूट पडतो. तेव्हा चंद्राने तितकेच अंतर पृथ्वीकडे पडण्यास एक मिनिट घेतले पाहिजे. न्यूटनने तरुणपणी असा हिशेब करून पाहिला, परंतु तो बरोबर जुळला नाही. पृथ्वीच्या एका अंशाची लांबी त्याने ६० मैल धरिली होती. खरी लांबी ६९ मैलांहून किंचित अधिक आहे. शिवाय ग्रहांची गती कशी समजावी, याविषयी त्याचे स्वतःचे विचारही अद्याप परिपक्व झाले नव्हते. कागद बाजूस पडले व वर्षे लोटली.

१६६९ साली तो केंब्रिजमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला. त्याने आरशाची दुर्बीण तयार केली व तिच्यामुळे १६७२ साली रॉयल सोसायटीने त्यास आपला सभासद करून घेतले. त्याच वर्षी, पांढरा प्रकाश अनेक रंगांचा बनलेला आहे, हा आपला सिद्धान्त त्याने सोसायटीपुढे ठेविला. रॉबर्ट हूक या विद्वानाने त्यावर टीका केली. हूक हा सोसायटीच्या प्रयोगांचा व्यवस्थापक असून सूक्ष्मदर्शकाने पाहिलेल्या वस्तूंवरील त्याचा १६६५ सालचा ग्रंथ प्रसिद्ध होता. टीका ही शास्त्राची प्राणवायूच होय. परंतु न्यूटनला ती सहन होत नसे. तो रागावला, सोसायटी सोडण्याची भाषा बोलू लागला व बराच काळ आपले शोध जगापासून लपवून बसला.

तथापि याच हूकचे त्याच्यावर एक ऋण आहे. १६७९ साली हूकने न्यूटनला पत्र लिहून असे सुचविले की, ग्रहाची सरळ रेषेत जाण्याची गती आणि मध्यवर्ती गोलाचे आकर्षण, या दोहोंच्या संयोगाने ग्रहाचा मार्ग वळत असावा. त्यानंतरच्या पत्रात, आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असावे, हेही त्याने लिहिले. हूकजवळ कल्पना होती, परंतु ती सिद्ध करण्याचे गणित नव्हते. ते गणित न्यूटनजवळ होते.

१६८४ साली एडमंड हॅली हा तरुण ज्योतिषी केंब्रिजला जाऊन न्यूटनला भेटला. अशा आकर्षणाखाली ग्रहाचा मार्ग कोणत्या आकाराचा होईल, असे त्याने विचारिले. तो लंबवर्तुळ होईल व आपण ते गणिताने काढिले आहे, असे न्यूटनने सांगितले. परंतु कागद सापडेना. ते पुनः लिहून पाठविण्याचे त्याने कबूल केले, आणि त्यातूनच पुढे अडीच-तीन वर्षांच्या अखंड परिश्रमाने प्रिन्सिपिया हा जगद्विख्यात ग्रंथ १६८७ साली निर्माण झाला. त्या काळात न्यूटनला जेवणाखाणाचे भान राहत नसे, असे त्याच्या लेखनिकाने सांगितले आहे. रॉयल सोसायटीचा पैसा माशांविषयीच्या एका मोठ्या ग्रंथावर खर्च झाला असल्यामुळे प्रिन्सिपियाच्या छपाईचा खर्च हॅलीने स्वतः सोसला. सफरचंदाच्या कथेत हॅलीचे नावही येत नाही. परंतु त्याचा आग्रह व औदार्य नसते, तर हा ग्रंथ कदाचित लिहिलाच गेला नसता.

ग्रंथ तयार होत असता हूकने आपल्या कल्पनेचा उल्लेख व्हावा, अशी इच्छा दर्शविली. न्यूटन संतापला. ग्रंथाचा तिसरा भाग आपण छापणारच नाही, अशी त्याने धमकी दिली. हॅलीने मोठ्या चातुर्याने त्यास शांत केले. परंतु न्यूटनने हस्तलिखितातून हूकचे उल्लेख ठिकठिकाणी गाळून टाकिले. प्रकाशावरील आपला मोठा ग्रंथ तर त्याने हूकच्या मृत्यूनंतर, १७०४ साली प्रसिद्ध केला. हूकचे एकमेव चित्र न्यूटनने नाहीसे करविले, असेही काही लोक सांगतात. परंतु त्यास पुरावा नाही. एक दंतकथा काढून तिच्या जागी दुसरी बसविणे न्याय्य नव्हे.

१६९६ साली न्यूटन लंडनला टाकसाळीचा अधिकारी होऊन गेला, १७०३ साली रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला व १७०५ साली त्यास सर ही पदवी मिळाली. अधिकाराबरोबर नम्रता वाढावी, ती वाढली नाही. ग्रिनिच येथील राजज्योतिषी जॉन फ्लॅमस्टीड याने अनेक वर्षे रात्री जागून ताऱ्यांची स्थाने टिपली होती. चंद्राच्या गतीसाठी न्यूटनला त्यांची गरज होती. ते काम पूर्ण होऊन नीट तपासले जाईपर्यंत छापू नये, असे फ्लॅमस्टीडचे म्हणणे होते. ते न जुमानता १७१२ साली न्यूटन व हॅली यांनी ते छापविले. फ्लॅमस्टीडने पुढे ४०० पैकी ३०० प्रती मिळविल्या आणि त्यांतील आपणास अमान्य असलेला भाग अग्नीच्या स्वाधीन केला. त्याचा खरा ग्रंथ त्याच्या मरणानंतर, १७२५ साली बाहेर पडला.

सर्वांत कटु वाद जर्मन पंडित लाइब्निट्झ याच्याशी झाला. कलनगणित न्यूटनने आधी शोधिले, परंतु प्रसिद्ध केले नाही. लाइब्निट्झने ते स्वतंत्रपणे शोधून १६८४ साली प्रसिद्ध केले. आजचे इतिहासकार दोघांसही श्रेय देतात. त्या काळी मात्र चोरीचे आरोप झाले. रॉयल सोसायटीने १७१२ साली चौकशीसाठी मंडळ नेमिले; परंतु त्या मंडळाचा अहवाल पडद्याआड राहून स्वतः न्यूटननेच लिहिला! वादी तोच, न्यायाधीशही तोच. या हट्टाचे फळ त्याच्या देशबांधवांना भोगावे लागले. लाइब्निट्झची अधिक सोयीची चिन्हे न वापरल्यामुळे इंग्लंडातील गणित शंभर वर्षे युरोपच्या मागे पडले. केंब्रिजमधील काही तरुणांनी १८१२ साली मंडळी स्थापून ती चिन्हे आपल्या विद्यापीठात आणिली. आज वरच्या वर्गात आपण जी चिन्हे लिहितो, ती बहुतांशी लाइब्निट्झचीच होत.

न्यूटनच्या ठायी कोमल बाजू नव्हती असे मात्र कोणी समजू नये. १६९३ साली त्याची प्रकृती व मन ही दोन्ही बिघडली असता त्याने आपला मित्र तत्त्ववेत्ता जॉन लॉक याच्याविषयी वाईट संशय मनात आणिला. परंतु मग स्वतःच पत्र लिहून त्याने क्षमा मागितली, आणि लॉकनेही मोठ्या प्रेमाने उत्तर पाठविले. पवित्र शास्त्राचा त्याचा अभ्यास अखंड चालू असे, जरी त्रैक्याविषयी त्याची मते मंडळीच्या शिकवणीहून निराळी होती व ती त्याने जन्मभर गुप्त ठेविली. हलक्या धातूंचे सोने करण्याच्या किमयेवरही त्याने हजारो पाने लिहिली. ग्रहांचे हिशेब करणाऱ्या या पुरुषाने १७२० साली साउथ सी कंपनीच्या भागांत मोठी रक्कम गमाविली.

मार्च १७२७ मध्ये त्याचा अंत झाला व वेस्टमिन्स्टर ॲबेत मोठ्या सन्मानाने त्याचे दफन झाले. वुल्सथॉर्पच्या त्या सफरचंदाच्या झाडाची कलमे देशोदेशी नेण्यात आली. पुण्यास आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातही त्या वंशाचे झाड लावण्यात आले होते. झाडाचे कलम असे दूर नेता येते. शोध मात्र कोणाच्या डोक्यावर आयता पडत नाही.

मग अशा पुरुषास थोर म्हणावे की नाही? निःसंशय म्हणावे. पवित्र शास्त्राने दावीद राजाचे पाप झाकले नाही, पेत्राचा भेकडपणाही लपविला नाही. तरी त्यांची थोरवी आपण मानितो. न्यूटनचे नियम सत्य आहेत ते न्यूटन निर्दोष होता म्हणून नव्हे, तर सृष्टी त्यांची साक्ष देते म्हणून. परंतु त्याची बुद्धी ही ईश्वरी देणगी होती, आणि दुसऱ्याचे ऋण मोकळ्या मनाने मान्य करणे हे ज्याच्या त्याच्या हाती असते. जे त्यास साधले नाही, ते आपल्या वर्गातील सामान्य विद्यार्थ्यासही साधण्यासारखे आहे. गणित सोडविताना मित्राने वाट दाखविली असेल, तर त्याचे नाव सांगावे. आपली चूक कोणी दाखविली, तर त्याचे आभार मानावेत. आणि एकदा हिशेब जुळला नाही, तर कागद फाडून न टाकता तो जपून ठेवावा. चंद्राचा हिशेबही पहिल्या खेपेस जुळला नव्हता.