श्रमिकांचे कैवारी

वऱ्हाडच्या काळ्या मातीत पिकलेला कापूस अमरावती-अकोल्याच्या बाजारांतून आगगाडीने मुंबईच्या गिरण्यांत जाई. तेथे हजारो हात त्याचे सूत काढीत व कापड विणीत. त्या हातांना श्रमाचे मोल आणि माणुसकीचा मान मिळावा, म्हणून झटणाऱ्यांत डॉ. भीमराव आंबेडकर अग्रगण्य होते.

त्यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. बालपणी त्यांनी अस्पृश्यतेचे चटके सोसले. मुंबईस परळच्या चाळीत राहत असता कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. पुढे अमेरिकेत व इंग्लंडात अर्थशास्त्राचे अध्ययन करून ते स्वदेशी परतले.

नोव्हेंबर 1927 मध्ये अमरावतीस अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरात सर्वांना प्रवेश मिळावा, हा तिचा हेतू होता. अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते. मंदिराच्या दारातील ही मनाई गिरणीतही होती. विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे. परंतु तुटलेला धागा जोडताना तो तोंडाने ओला करावा लागे. विटाळाच्या कल्पनेमुळे इतर कामगार अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. जो संघ आपल्याच बांधवांना दूर लोटतो, तो मालकापुढे बळकट कसा ठरणार, अशी त्यांची भूमिका होती.

1936 साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. 1937 च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात त्या पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. त्या वेळी तेथे काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. 1938 साली त्याने औद्योगिक कलहासंबंधी एक विधेयक आणले. त्यातील अटी न पाळता संप करणारा कामगार तुरुंगवासास पात्र ठरणार होता. संप हे तर दुबळ्या कामगाराचे अखेरचे साधन! डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात या विधेयकास कडाडून विरोध केला. साम्यवादी पुढाऱ्यांशी त्यांचे तीव्र मतभेद होते; तरी या प्रसंगी दोघेही एकत्र आले. 7 नोव्हेंबर 1938 रोजी एक दिवसाचा संप झाला. पोलिसांनी गोळीबार केला. कामगारांचे रक्त सांडले. अखेर बहुमताच्या बळावर कायदा झालाच.

हे ऐक्य फार काळ टिकले नाही. 1942 साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि मजूर पक्षाची जागा तिने घेतली. परंतु कामगारांचा कैवार डॉ. आंबेडकरांनी सोडला नाही. त्याच वर्षी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. 1946 साली बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्यास 54 वरून 48 वर आले. पुढे ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संघ स्थापन करण्याचे स्वातंत्र्य त्या संविधानाने प्रत्येक नागरिकास दिले.

6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महानिर्वाण झाले. श्रम करणाऱ्यांत उच्चनीच भाव असेल, तर त्यांची एकजूट पोकळ ठरते, हा त्यांच्या जीवनाचा बोध आहे.