नित्य स्वाध्यायाचा आदर्श : आचार्य श्री शांतिसागरजी महाराज

देवपूजा, गुरूपास्ती, स्वाध्याय, संयम, तप आणि दान ही श्रावकाची सहा नित्यकर्मे होत. पैकी पूजा व दान आपल्या समाजात उत्साहाने होते. स्वाध्याय मात्र ‘उद्या करू’ या सदरात जमा होतो. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ज्यांच्या चरित्राचे स्मरण या दृष्टीने उपयुक्त ठरेल, असे महापुरुष म्हणजे प. पू. चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री १०८ शांतिसागरजी महाराज.

महाराजांचा जन्म सन १८७२ मधील. गाव बेळगाव जिल्ह्यातील दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाजवळचे भोज. पिता भीमगौडा पाटील, माता सत्यवती आणि गृहस्थावस्थेतील नाव सातगौडा. त्या काळच्या रूढीप्रमाणे लग्न बालपणीच झाले. पत्नी लवकरच निवर्तली आणि पुन्हा विवाह करण्यास त्यांनी नकार दिला. शालेय शिक्षण अगदी थोडे झाले. तथापि शास्त्रवाचनाची गोडी लागली ती कायमची.

आम्हा कापड व्यापाऱ्यांना त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग विशेष जवळचा वाटतो. घरी कापडाचे दुकान होते व ते प्रामुख्याने धाकटे बंधू पाहत. बंधू बाहेर गेले म्हणजे सातगौडा दुकानी बसत. गिऱ्हाईक आले की त्याने आपल्या पसंतीचे कापड निवडावे, स्वतः मोजून फाडून घ्यावे आणि वहीत स्वतःच्या हाताने नोंद करावी, अशी त्यांची पद्धत होती. मन शास्त्रात व धर्मचर्चेत रमलेले असे. रुद्रप्पा नावाचे त्यांचे लिंगायत स्नेहीही या चर्चेत सहभागी होत. दुकानदारी आणि स्वाध्याय एका जागी नांदू शकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांस हे उत्तर पुरेसे आहे.

माता-पित्यांची सेवा पूर्ण करूनच त्यांनी गृहत्याग केला. सन १९२० मध्ये यरनाळ येथे मुनिदीक्षा झाली आणि १९२४ मध्ये समडोळी येथे आचार्यपद लाभले. पुढे त्यांनी सम्मेदशिखरजीपर्यंत व दिल्लीपर्यंत पायी विहार केला. दिगंबर मुनींचे दर्शन दुर्मीळ झालेल्या उत्तर भारतात ही परंपरा त्यांच्यामुळे पुन्हा दिसू लागली.

सन १९४४ च्या सुमारास एक वार्ता त्यांच्या कानी आली. मूडबिद्री येथील धवला, जयधवला व महाधवला या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रांना कीड लागून महाधवलेतील काही हजार श्लोकप्रमाण मजकूर नष्ट झाला होता. कापडाला कसर लागली तर नुकसान पैशांचे असते व ते पुढच्या हंगामात भरून निघते. जिनवाणीचे गेलेले पान मात्र कोणत्याही बाजारात मिळत नाही. महाराजांना हे फार लागले. त्यांच्या प्रेरणेने जिनवाणी जीर्णोद्धारक संस्था स्थापन झाली आणि हे ग्रंथ ताम्रपत्रांवर कोरून घेण्यात आले. ती ताम्रपत्रे फलटण येथे जतन करण्यात आली. ज्याचा ग्रंथाशी रोजचा संबंध असतो, त्यालाच ग्रंथ गेल्याचे दुःख कळते.

उतारवयात दृष्टी मंदावली. पायाखालचा जीव दिसेनासा झाला, तर अहिंसा महाव्रताचे पालन कसे व्हावे? या विचाराने त्यांनी आपल्या मराठवाड्यातील कुंथलगिरी सिद्धक्षेत्री सल्लेखना घेतली. ३६ दिवसांच्या आराधनेनंतर १८ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे समाधिमरण झाले. तत्पूर्वी ८ सप्टेंबर रोजी, सल्लेखनेच्या २६ व्या दिवशी, त्यांनी मराठीतून अखेरचा उपदेश केला. तो ध्वनिमुद्रित झाला, हे आपले भाग्य. त्यात जिनवाणीवर श्रद्धा ठेवण्याचे आवाहन आहे. आत्मचिंतनासाठी अधिक वेळ देता येत नसेल, तर रोज निदान पाच-दहा मिनिटे तरी द्यावीत, असा त्याचा आशय आहे. सर्वस्वाचा त्याग केलेल्या आचार्यांनी प्रपंचात गुंतलेल्या आपल्यासारख्यांकडे एवढेच मागितले!

प्रस्तुत लेखकानेही स्वाध्याय निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवला होता. पन्नाशीत चष्म्याचा नंबर वाढला, तेव्हा महाराजांच्या मंदावलेल्या दृष्टीची आठवण होऊन मनात धस्स झाले. तेव्हापासून दुकान उघडण्यापूर्वी एक पान वाचण्याचा नियम केला. काही दिवस चुकले, हे कबूल केले पाहिजे. रोजकीर्द एक दिवस राहिली म्हणून कोणी वही मिटवत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला घेतो. येथेही तेच करावे. वेळ ठरलेली असावी, जागा ठरलेली असावी, एकच ग्रंथ हाती घ्यावा आणि न समजलेले जाणकारांस विचारावे. स्वाध्यायाच्या पाच प्रकारांत वाचनेपाठोपाठ पृच्छना सांगितली आहे, ती याचसाठी.

मंदिरातील कपाटे ग्रंथांनी भरलेली आहेत. डोळे साथ देत आहेत तोवर ती उघडली जावीत. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घरातून एका पानाचा नियम झाला, तर तीच महाराजांना खरी विनयांजली ठरेल.

जय जिनेंद्र!